पोपटी दाणा कुठून येतो?

ताई, परवा सकाळी तुझ्या हॉलमध्ये मी एक रिकामं पोतं झटकलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दिनू, आधी बूड टेक, पाणी पी, मग बोल." टेकलंय. तुझ्याच खुर्चीत, खिडकीपाशी. पाणीही प्यायलो. पण बोलू कुणाशी? तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. दहावं-बारावं करायचं नाही हे तू स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंस. वर तंबी, की "राख नदीत किंवा समुद्रात टाकाल तर याद राखा, तिथे आधीच कमी कचरा आहे का?" म्हणून तुझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. सुलभा म्हणाली, "तुमची ताई गेली तरी हुकूम सोडत नाही." आणि मग माझी बायको तिथेच कुंडीपाशी बसून रडली.

मला अजून खरं वाटत नाही. गुरुवारी फोनवर माझ्यावर डाफरणारी बाई शुक्रवारी सकाळी कुकर लावता लावता खाली बसते आणि उठतच नाही, ही काय पद्धत झाली? कामाच्या संगीताबाईंनी दार उघडलं तेव्हा तू ओट्याला टेकून बसली होतीस, आणि गॅस बंद होता. छातीत कळ आलेली असताना तू आधी गॅस बंद केलास. अगं, त्याऐवजी फोन करायचास ना मला! वारज्याहून तुझ्या घरी यायला मला किती वेळ लागतो?

आणि तो गुरुवारचा फोन. तो माझ्या कानातून जातच नाही. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात, समुद्रकाठच्या पुळणीवर जायचं ठरलं होतं, म्हणून नेहमीप्रमाणे मी विचारलं, "पोती किती काढून ठेवू?"

"या खेपेला पोती नकोत."

"का?"

"नकोत म्हटलं ना. तू इकडे ये. बोलायचंय."

"मग बोल की. ऐकतोय."

"फोनवर नाही. समोर बस माझ्या."

कारखान्याच्या शेडमध्ये मशीन अडकलं होतं, माझे हात ग्रीसने भरले होते. "रविवारी बघू," म्हणालो आणि फोन ठेवला. मला वाटलं, रुसलीस. गटाराच्या जाळीवरून आपलं वाजलं होतं ना, त्याचंच काहीतरी असणार. रविवारी मी होतोच तुझ्या घरी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत.

आपलं भांडण सुरू झालं तेही पोत्यांवरून नाही, दाण्यावरून. आत्याच्या गावच्या पुळणीवर आपण बसलो होतो, तू शाळेतून निवृत्त झालीस त्याच वर्षी. भेळेचा कागद मांडीवर ठेवून तू वाळूत बोटं फिरवत होतीस. एकदम काहीतरी उचललंस, चष्मा कपाळावर चढवलास आणि म्हणालीस, "दिनू, ही कसली रे अंडी? माशाची?"

मी खो-खो हसलो. बत्तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलेली बाई! म्हटलं, "अगं, हा दाणा आहे. प्लॅस्टिकचा. आमचा कच्चा माल." मसुराएवढा, पांढरट, गुळगुळीत. बादली असो, साबणाची डबी असो, प्लॅस्टिकची वस्तू जन्माला येते ती या दाण्यातून. पंचवीस किलोच्या पोत्यातून येतो, आम्ही वितळवतो, साच्यात दाबतो, झाला मग तयार. मी अगदी कौतुकाने सांगत होतो. माझ्या धंद्यातली गोष्ट तुला ठाऊक नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, "मी फसले, मग मासा नाही फसणार?"

झालं. तिथून आठ वर्षं तू सुटली नाहीस. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीत, तुझी ती जुनी गाडी ताम्हिणी घाटातून खाली उतरायची. मृणाल आणि तुझ्या आणखी दोन-तीन माजी विद्यार्थिनी बरोबर. आधी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरचा कचरा गोळा करायचा. मग सुरूच्या दोन झाडांपाशी तुझी ठरलेली जागा, तिथे काठ्या रोवून, सुतळी बांधून मीटरभराचा चौकोन आखायचा. वरची बोटभर वाळू खरवडून खाऱ्या पाण्याच्या बादलीत घालायची. वाळू खाली बसते, दाणा वर तरंगतो. तो चहाच्या गाळणीने काढायचा आणि पांढऱ्या ताटलीत मोजायचा. एकदा मी म्हटलं, "ताई, तुझ्या गाळणीचा चहा मी पिणार नाही." तर म्हणालीस, "नको पिऊस. तुझा दाणा मी वाळूतून गाळतेच आहे, त्यात तुझा चहा वाचला."

"माझा दाणा" म्हणालीस की माझं टाळकं सटकायचं. कारण माझ्याकडे हुकमाचं पान होतं आणि ते मी दरवेळी आपटायचो. अगं, माझी शेड पुण्यात, शिवणे गावात. शेडचं गटार ओढ्याला, ओढा मुठेला. मुठेचं पाणी भीमेतून उजनीत, पुढे कृष्णेत, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागरात. तुझी पुळण पश्चिमेला. मध्ये अख्खा सह्याद्री उभा. "माझा दाणा काय घाट चढून येणार आहे?" असं मी म्हणायचो आणि वर हसायचो. तू एकदाच त्याला उत्तर दिलंस. "पूर्वेकडच्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय रे?"

पण हरलो असं मी कधी म्हटलं नाही, आणि दर शनिवारी शेड धुताना सांडलेला दाणा पाण्याच्या पाइपने गटारात ढकलणंही थांबवलं नाही. एका शनिवारी तू न सांगता शेडवर आलीस, साडी खोचून गटारापाशी उकिडवी बसलीस. सगळे कामगार बघत राहिले. "सांडलेला उचलायला कंबर मोडते का तुमची?" तू स्वतः जाळी आणून बसवून घेतलीस. ती जाळी, ताई, मी पावसाळ्यात काढली. सारखी तुंबायची. तुला सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात तुला ते कळलं आणि तू मला जे बोललीस ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एवढं भांडूनसुद्धा मी तुला मदत करत होतोच की! आणि इथेच माझी जीभ अडखळतेय. कचरा भरायला तुला पोती लागायची. ती मी द्यायचो. दाण्याची रिकामी पोती, मजबूत, न फाटणारी. प्रत्येक खेपेला तीस. डिकीत घड्या घालून ठेवायचो आणि मनात म्हणायचो, घे, माझा हातभार.

तुझा पोपटी दाणा तुला चौथ्या की पाचव्या खेपेला सापडला. पांढऱ्या, पिवळट पडलेल्या दाण्यांत एक पोपटी. पुढच्या खेपेला सात-आठ. मग दर खेपेला वाढतच गेला. तुझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर कॉफीच्या बाटल्यांची रांग लागली आणि प्रत्येक बाटलीवर तुझी चिठ्ठी, "पोपटी, उगम अज्ञात." मी आलो की बाटली माझ्या नाकासमोर धरायचीस. "तू धंद्यातला ना? सांग, हा पोपटी दाणा कुठून येतो?"

आणि मी धंद्यातला माणूस, मान हलवून सांगायचो, "जहाजातून पडला असेल. समुद्रात कंटेनरची खोकी पडतात ना, त्यातलाच." तू ते लिहून घेतलंस. अगं, तू माझं ऐकून लिहून घेतलंस! उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते हे. तुझ्या टिपणात अख्खं पान आहे, बुडालेल्या खोक्याबद्दल, वाऱ्याच्या दिशेबद्दल. मृणाल आता लोणी काळभोरला कॉलेजात शिकवते. पुढच्या महिन्यात तिथल्या सभेत ती तुझं हे आठ वर्षांचं काम मांडणार आहे. विद्युतदाहिनीपाशीच ती मला म्हणाली, "काका, बाईंच्या एकटीच्या नावाने मांडणार. माझं नाव नको." तुझं असं मागे राहिलेलं हे एकच. मूल नाही, घर भाड्याचं. ह्या बाटल्या आणि ही टिपणं.

तर परवा. तुझी पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची होती, म्हणून शेडवरून डझनभर रिकामी पोती घेऊन आलो. सुलभा बेडरूममध्ये तुझं कपाट आवरत होती. तिला आत कापडी पिशव्यांची थप्पी मिळाली, तुझ्या जुन्या सुती साड्यांच्या, नीट दुहेरी शिवलेल्या. ती म्हणाली, "दिवाळीला वाटायला शिवल्या असतील." मी म्हटलं, "असतील." आणि पहिलं पोतं उघडून, सवयीने, झटकलं.

टपटप आवाज आला. तुझ्या पांढऱ्या फरशीवर दाणे उड्या मारत पसरले. पांढरे, आणि त्यांच्यात पोपटी.

मी बघतच राहिलो. मशीनच्या नरसाळ्यात, हॉपरमध्ये, पोतं उपडं केलं की शिवणीच्या कोपऱ्यात मूठभर दाणा अडकून राहतोच, हे कुठल्याही शेडमधल्या माणसाला माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच तिकडे कुणी बघत नाही. टेबलावर तुझी शेवटची बाटली होती. ती उघडली, तुझ्या ताटलीत ओतली आणि फरशीवरचे दोन-चार दाणे बाजूला ठेवले. तुझे उन्हाने विटलेले, माझे ताजे. आकार तोच. कापलेल्या कडेची तिरकी धारही तीच. मग मी उठून तुझ्या बाथरूममध्ये गेलो. बादलीत प्लॅस्टिकचा मग तरंगत होता. पोपटी. आपल्याच शेडचा, मीच तुला दिलेला. वर्षानुवर्षं तू त्याच मगाने अंघोळ करत होतीस आणि मला विचारत होतीस हा रंग कुठून येतो. मी बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसलो.

कारण आता सगळं समोर उभं राहिलं. पुळणीवर पोहोचलात की ऊन टाळायला तुम्ही सुरूच्या झाडांखाली सामान टाकायचात. तू मुलींना सांगायचीस, "आधी पोती झटका, धूळ नको हाताला." तीस पोती, सुरूच्या झाडांखाली, तुझ्या चौकोनाच्या उशाशी. आठ वर्षं. दाणा घाट चढूनच गेला, ताई. तुझ्याच गाडीच्या डिकीत बसून.

आणि मला खरंच संशय आला नव्हता का? खोटं कशाला बोलू, आता तर तू समोरही नाहीस. पहिल्यांदा बाटली नाकासमोर धरलीस तेव्हा मनात आलं होतं, आपल्यासारखाच दिसतोय. एक क्षणभर. पण मी नद्यांच्या दिशा पाठ करून बसलो होतो ना! आपलं पाणी पूर्वेला जातं, विषय संपला. बाटली तुला परत दिली आणि चहा मागितला.

सुलभाला सांगितलं. तिने हातातली पिशवी घडी करून थप्पीवर ठेवली. मग म्हणाली, "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

"अहो, ताई गेल्या. त्यांचं एवढं काम. पुढच्या महिन्यात त्यांचं नाव होईल, चार लोक चांगलं म्हणतील. तुम्ही तोंड उघडलंत की सगळं मातीत. आणि शेडचं काय? लोक काय म्हणतील?"

ती वाईट बोलत नव्हती. तुझ्यासाठीच बोलत होती. मलाही त्या दिवशी दिवसभर तेच वाटत होतं. फरशीवरचे दाणे मी एकेक करून उचलले. दिवाणाखाली हात घातला तर आणखी दोन मिळाले, पण त्यांच्यावर धूळ बसली होती. माझ्या झटकण्याने तिथवर गेलेले नव्हते. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. काल मृणाल बाटल्या न्यायला आली, दोन बस बदलून, खांद्यावर रिकामी सॅक घेऊन. बाटल्या फडक्यात गुंडाळताना एकेका चिठ्ठीवरून हात फिरवत होती. "काका, बाईंचा तो खोक्याचा अंदाज मी सभेत मुख्य म्हणून घेतलाय," म्हणाली.

मी म्हटलं, "मृणाल, बस. तो दाणा जहाजातला नाही. माझा आहे."

सगळं सांगितलं. पोती, कोपरे, झटकणं, अंघोळीचा मग. तिने मधे एकदाही तोडलं नाही. तुझीच विद्यार्थिनी. शेवटी शांतपणे म्हणाली, "पोपटी वेगळा काढता येईल, काका. पण पोत्यांत पांढरा नसतो?"

"असतो. पांढराच जास्त."

"मग बाटलीतल्या पांढऱ्यातला तुमचा कुठला आणि समुद्राचा कुठला?"

पांढरा सगळ्या जगाचा सारखाच. "नाही सांगता येणार," म्हटलं.

"म्हणजे आठ वर्षांचं..." एवढं म्हणून ती थांबली आणि डोळे पुसायला लागली. तुझं काम मी बुडवलं, ताई. वर मदत केली म्हणून मिरवत होतो. मृणाल माझ्याकडे बघत नव्हती आणि मला तिची चूक वाटली नाही.

मग ती म्हणाली, "बाईंची चालू वही कुठेय? शेवटची खेप मेची, ती नोंद माझ्याकडे नाही." आम्ही कुणी वही पाहिलीच नव्हती. दारामागे तुझी झोळी लटकत होती, तू गेलीस त्या दिवसापासून तशीच. त्यात गाळणी, सुतळीचं बंडल आणि वही. मृणालने शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

आठ वर्षांचा तक्ता एका पानावर तू उतरवला होतास. सुवाच्य, शाळेतल्या फळ्यासारखा. आणि त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी लावून, एक तिरकी रेघ. खाली तुझं अक्षर.

"पोपटी दाणा: उगम सापडला. आपल्या शेडची पोती. घरी एक झटकलं तेव्हा कळलं. झाडाखाली झटकायला मीच सांगत असे, चूक माझी. सगळे आकडे रद्द. पुढच्या खेपेपासून कापडी पिशव्या, जागा नवी. आधी दिनूला सांगायचं. फोनवर नाही, खचेल. समोर बसवून, चहा देऊन. मग मृणालला."

मी ते किती वेळा वाचलं ते मला माहीत नाही. तुला कळलं होतं. दिवाणाखालचे ते धुळीचे दाणे तुझ्या झटकण्याचे होते. पट्टी घेऊन तू तुझी आठ वर्षं स्वतःच्या हाताने खोडलीस, आणि मग तुला चिंता कसली, तर मी खचेन याची! गुरुवारी तू रुसली नव्हतीस. मला चहा द्यायला बोलावत होतीस. आणि मी म्हणालो, रविवारी बघू.

खूप रडलो ताई. मृणालसमोर, सुलभासमोर, लाज सोडून. मग मृणालनेच चहा केला. गाळणी झोळीतलीच घेतली, कारण स्वयंपाकघरातली मी पॅक करून टाकली होती. आम्ही तिघांनी त्या गाळणीचा चहा प्यायला. तू असतीस तर काय बोलली असतीस ते मला ऐकू आलं.

आज सकाळी शेडवर जाऊन जाळी बसवली. झाडू आणि सुपली आणली. पुढच्या शनिवारी पाइप लावायचा नाही, एवढं सांगितलं. कामगारांनी एकमेकांकडे बघितलं. दिवाळीला आम्ही जातोय, तुझ्या साड्यांच्या पिशव्या घेऊन. सुरूच्या झाडांपासून लांब, नवी जागा धरायची. नव्या तक्त्याची पहिली ओळ मृणाल लिहील. सुरूखालची वाळू मात्र मी चाळणार आहे, जेवढी चाळता येईल तेवढी. गुडघे दुखतील. दुखू देत.

आणि सभेला मी जाणार आहे. मृणाल म्हणाली, "काका, तुम्ही नका उभे राहू. बाईंचं पान मी वाचते, तेवढं पुरे." मी म्हटलं, नाही. तुझं पान तिने वाचावं, उगम तू शोधलास हे तिनेच सांगावं. पण प्रश्न मला विचारलेला होता. वर्षानुवर्षं बाटली नाकासमोर धरून तू मलाच विचारत होतीस, आणि मी दरवेळी समुद्रात एक जहाज बुडवून चहा मागत होतो. उत्तर मीच दिलं पाहिजे, लोकांसमोर, मोठ्याने. त्याच्याआधी तुला देतो. तुझ्यासमोर बसायला जमलं नाही, म्हणून तुझ्या खुर्चीत बसून देतो.

माझ्याकडून, ताई. तो पोपटी दाणा माझ्याकडून येतो.